जुन्या गाडीचं ट्रिम: आधी पाणी शोधा, मग गोंद उघडा

ऐन पावसात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटी, कणकुंबीकडे जुनी गाडी घेऊन गेलेल्या माणसाला तो वास लगेच ओळखू येतो. भिजलेला पुठ्ठा, कुबट फोम आणि थोडी बुरशी. आमची मारुती ८०० ही २००१ सालची, वडिलांनी घेतलेली. तिच्या ड्रायव्हर बाजूच्या दाराचं रेक्झिन मी दोन वर्षांत तीनदा चिकटवलं आणि तिन्ही वेळा जूनच्या शेवटी ते खालच्या कडेनं सुटलं. चौथ्यांदा गोंदाची बाटली बाजूला ठेवून अख्खं पॅनेल काढलं, तेव्हा कारण दिसलं. पॅनेलच्या मागे दाराच्या पत्र्यावर प्लास्टिकचा एक कागद असतो, तो जागेवर नव्हताच. कधीतरी काच वर-खाली करायचं मशीन दुरुस्त करताना एका गॅरेजात तो फाडून टाकला होता. दाराच्या आत उतरणारं पाणी थेट हार्डबोर्डवर पडत होतं. मी तीनदा गोंद लावला तो ओल्या पुठ्ठ्यावर.

म्हणून या लेखात ट्रिमच्या, म्हणजे दाराचं पॅनेल, बीडिंग, छत, सीट यांच्या, प्रत्येक भागाबद्दल आधी तो का सुटला, का तडकला हे लिहितो आणि मग दुरुस्ती. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. इंजिनाचे भाग बेळगावात अजून मिळतात, पण त्याच रंगाचं दाराचं पॅनेल किंवा डॅशबोर्डचं झाकण शोधायला गेलात तर भंगारात महिनोन्‌महिने फिरावं लागतं. खाजगी गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणी दर ५ वर्षांनी नव्यानं करावी लागते, तेवढी खटपट करून जी गाडी आपण ठेवतो तिची दारं आतून कुजू देणं मला पटत नाही. ही कामं उन्हाळ्यात, मृगाच्या आधी उरकायची. पावसात गोंद नीट वाळत नाही आणि हवेतली ओल पॅनेलमध्ये कोंडली जाते.

सामान

फार काही लागत नाही. सुतार सनमायका चिकटवायला वापरतात तो पिवळट रबरी गोंद, सनमायकाचे चार-पाच टाकाऊ तुकडे (कोणताही सुतार फुकट देईल), फेविक्विक, खाण्याचा सोडा, अराल्डाइट, ॲसिटोनची छोटी बाटली, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सिलिकॉन स्प्रे, २४०, ४०० आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर, बुटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) आणि शेतकरी वापरतात तसलं जाड पॉलिथिन. पॅनेल उचकटायला स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. बुरुडाकडून बांबूची एक चपटी कांब घ्या आणि टोक तासून घ्या. रंगावर ओरखडा येत नाही, क्लिपही तुटत नाही. हे सगळं मला १,५०० रुपयांच्या आत बसलं, आणि त्यातलं निम्मं अजून शिल्लक आहे.

एक गोष्ट मुद्दाम विकत घेऊ नका, ती म्हणजे बाथरूमला लावतात ती सिलिकॉनची ट्यूब. ती सगळ्याला चिकटते असं वाटतं, पण एकदा लागली की त्या जागेवर पुन्हा रंग धरत नाही, दुसरा गोंद धरत नाही, आणि ती पूर्ण खरवडून निघतही नाही. पुढची प्रत्येक दुरुस्ती ती बिघडवते.

दार

यावर सगळ्यात जास्त लिहितो, कारण जुन्या गाडीच्या आतल्या ओलीचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं.

काच पूर्ण वर घ्या आणि हँडल कोणत्या कोनात उभं राहतं त्याचा फोटो काढून ठेवा. ८०० सारख्या गाडीत काच फिरवायच्या हँडलला स्क्रू दिसत नाही, त्यामुळे माणसं ते ओढून मोडतात. आत तारेची घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते. सुती फडक्याची दोन बोटं रुंद पट्टी घ्या, हँडल आणि त्यामागची प्लास्टिकची चकती यांच्या फटीत खालून सरकवा, दोन्ही टोकं धरा आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतो तशी उजवीकडे-डावीकडे ओढा. चार-पाच हिसक्यांत फडकं क्लिपच्या टोकांत अडकतं आणि क्लिप बाहेर येते. ती उडते, म्हणून वर दुसरं फडकं धरायचं. बसवताना क्लिप आधी हँडलमध्ये घालायची आणि हँडल दांड्यावर तळहातानं ठोकायचं.

मग आतल्या कडीच्या चौकटीचा स्क्रू, आर्मरेस्टचे स्क्रू. आता बांबूची कांब खालच्या कोपऱ्यातून सरकवून पॅनेल पत्र्याला धरणारी पहिली क्लिप कुठं आहे ते चाचपडा आणि अगदी क्लिपच्या शेजारीच उचला. दोन क्लिपांच्या मध्ये उचललं की भिजलेला हार्डबोर्ड पापडासारखा मोडतो. स्पीकर असेल तर वायर सोडवा आणि पॅनेल वर उचलून काढा.

दार उघडं पडलं की सगळ्यात आधी पाण्याची वाट बघा. काचेच्या बाहेरच्या पट्टीतून थोडं पाणी दारात उतरणं हा दोष नाही. दार तसंच बनवलेलं असतं. ते पाणी दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडायला हवं. काचेला लागून वरून एक मग पाणी ओता. खाली लगेच धार लागली नाही तर भोकं बुजलेली आहेत. आमच्या दारातून काडीनं टोकरल्यावर लाल मातीचा चिखल आणि सुरूच्या काड्यांचा चुरा निघाला, जवळजवळ मूठभर. तळाला गंज असेल तर वॉटर पेपरनं घासून, पुसून, पूर्ण वाळू देऊन रेड ऑक्साइड लावा, पण ब्रश फिरवताना भोकं पुन्हा बुजवू नका.

आता तो प्लास्टिकचा कागद. जाड पॉलिथिन दाराच्या उघड्या भागापेक्षा चारही बाजूंनी ४ ते ५ सेंटिमीटर मोठं कापा. पत्र्यावरचा जुना डिंक रॉकेलनं काढा, मग साबणाच्या पाण्यानं, मग अल्कोहोलनं पुसा. बुटाइल टेप दोन्ही बाजूंनी आणि वरून अखंड लावायची, कुठं तुकडे जोडायचे नाहीत. कागदाची खालची कड मात्र बाहेर चिकटवायची नाही, ती दाराच्या पत्र्यातल्या खालच्या खाचेतून आत सोडायची. कौलं घालताना वरचं कौल खालच्या कौलावर येतं म्हणून पाणी घरात येत नाही. इथंही कागदावरून ओघळणारं पाणी दाराच्या आत पडून भोकांतून जायला हवं. ही एक कड बाहेर राहिली तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते, कारण मग कागद पाणी गोळा करून थेट पॅनेलवर सोडतो.

मी हे करत होतो तेव्हा शेजारचे काका कंपाउंडवरून वाकून विचारत होते, "काय करूलास रे सकाळपासनं? नवीन दारच बसीव की!" त्यांच्या ओम्नीचं मागचं दार पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून उघडलं. त्यातही कागद नव्हता.

पॅनेलचं काम निवांत करा. ते सावलीत सपाट ठेवा, फुगलेल्या जागी फळी आणि वर विटा ठेवा, दोन-तीन दिवस वाळू द्या. कडक उन्हात ठेवलं की ते वाकतं आणि पुन्हा सरळ होत नाही. वाळल्यावर मागच्या बाजूनं आणि विशेषतः कडांना लाकडाच्या वॉर्निशचे दोन हात द्या. हार्डबोर्ड कडेनंच पाणी ओढतो.

क्लिप अडकायचं भोक फाटलं असेल तर सनमायकाचा साधारण आगपेटीएवढा तुकडा घ्या, त्यात मूळ भोकासारखीच खाच कानशीनं काढा. तुकड्याची खरखरीत बाजू आणि पॅनेलची मागची बाजू, दोन्हीला रबरी गोंदाचा पातळ थर लावा. मग थांबा, १० ते १५ मिनिटं. बोट लावलं तर तार सुटायला नको, नुसतं चिकट लागायला हवं. तेव्हाच दाबा, आणि एकदाच दाबा, कारण हा गोंद टेकला की सरकत नाही. रेक्झिनच्या सुटलेल्या कडाही याच पद्धतीनं. घाईत ओला गोंद दाबला तर आतलं सॉल्व्हंट कोंडून फोड येतो आणि उन्हात ती जागा पुन्हा सुटते.

नव्या क्लिपा घ्यायला जाताना जुनी क्लिप खिशात घालून जा. बघताना सगळ्या सारख्या वाटतात, पण मानेची जाडी वेगळी असते. जाड मानेची क्लिप पत्र्यात ठोकली तर भोकाचा रंग उडून तिथंच गंज सुरू होतो.

बीडिंग

दाराभोवतीचं रबरी बीडिंग बदलण्याआधी ते खरंच खराब आहे का हे तपासा. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अडखळत निघाली तर रबर बरं आहे, सुळकन निघाली तर त्या जागी दाब नाही. असं चारही बाजूंनी वीतभर अंतरानं करा. आमच्या भागात आणखी एक खूण मिळते. खानापूर बाजूची लाल धूळ बीडिंग ओलांडून आत आली की पत्र्यावर स्पष्ट पट्टा उमटतो. गोकाक, अथणीकडच्या काळ्या मातीची धूळही तशीच दिसते. पट्टा जिथं रुंद, गळती तिथं.

पुष्कळदा बीडिंग नुसतं चोपलेलं असतं. पोकळ नळीसारखं असेल तर तेवढ्या तुकड्यात माशांच्या टाकीला लावतात ती बारीक मऊ नळी ओवता येते. तारेला बांधून, ग्लिसरीन लावून हळूहळू ओढा. पत्र्याच्या कडेवर बसणारी खोबण सैल झाली असेल तर आत लोखंडी पट्टी असते, ती पकडीनं थोडी थोडी आवळत जा. कोपऱ्यात चीर पडली असेल तर अल्कोहोलनं पुसून फेविक्विकचा एक थेंब आणि अर्धा मिनिट दाब, रबराला तो चांगला धरतो. नवीन बीडिंग टाकलंत तर सांधा खाली, उंबऱ्याच्या मधोमध ठेवा. वर सांधा आला की पावसाचं पाणी तिथून शिरतं.

रबर मऊ राहावं म्हणून कित्येक जण त्यावर व्हॅसलीन, ग्रीस, नाहीतर डिझेलचं फडकं फिरवतात. दोन दिवस चमक येते. पण पेट्रोलियमची तेलं या रबराला फुगवतात आणि ढिलं करतात. सिलिकॉन स्प्रे किंवा ग्लिसरीन वापरा. काचेच्या खोबणीत मखमल असते, तिथं तर तेलाचा थेंबही नको. धूळ चिकटून त्याचाच काचपेपर होतो आणि काचेवर उभे ओरखडे पडतात.

दुरुस्ती झाली की पाण्याची परीक्षा. एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्यानं पाइपनं पाणी मारायचं, पण खालून वर. आधी उंबरा, मग दाराची कड, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून आत आलं ते कळत नाही.

तुटलेलं प्लास्टिक

इथं सगळे चुकतात ते प्लास्टिकची जात न ओळखता. तुटलेल्या भागाच्या मागे बारीक अक्षरं कोरलेली असतात, एबीएस (ABS) किंवा पीपी (PP), ही प्लास्टिकच्या दोन जातींची नावं. अक्षरं नसतील तर ब्लेडनं एक बारीक साल काढून पाण्यात टाका. पीपी बहुधा तरंगतं, एबीएस बुडतं. भुकटी मिसळलेलं पीपी कधीकधी बुडतं, म्हणून दुसरी खूण बघा: लपलेल्या जागी ॲसिटोनचा थेंब टाकला की एबीएस चिकट होतं, पीपीला काही होत नाही.

एबीएस असेल तर नशीब चांगलं. त्याच भागाचे तुटके तुकडे काचेच्या बाटलीत घाला, बुडेल एवढं ॲसिटोन ओता, झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा. सकाळी ते काकवीसारखं दाटसर झालेलं असतं. पातळ वाटलं तर आणखी चुरा टाका. तडा गेलेल्या दोन्ही कडा ब्रशनं ॲसिटोन लावून ओल्या करा, जुळवून मास्किंग टेपनं बांधा आणि मागच्या बाजूनं ही काकवी भरा, वर जाळीच्या कापडाची पट्टी दाबून पुन्हा एक थर. पूर्ण २४ तास हात लावायचा नाही. यानं प्लास्टिक एकमेकांत विरघळून एक होतं, हा नुसता गोंद नव्हे. ॲसिटोन भडकन पेटतं आणि त्याची वाफ डोक्यात जाते, म्हणून हे काम अंगणात, चुलीपासून आणि देवाच्या दिव्यापासून लांब करायचं.

मोडलेला छोटा कान किंवा स्क्रूचा खांब असेल तर फेविक्विक आणि खाण्याचा सोडा पुरतो. जागा जुळवा, चिमूटभर सोडा टाका, वर थेंब सोडा. क्षणात दगडासारखं घट्ट होतं, मग कानस मारून आकार द्या. थर पातळ पातळ चढवा. दोन गोष्टी जपा. फेविक्विक सुती कापडावर सांडलं तर चांगलंच तापतं, मांडीवर फडकं ठेवून काम करू नका. आणि बंद गाडीत डॅशबोर्डजवळ वापरलंत तर त्याच्या वाफेनं काळ्या प्लास्टिकवर पांढरट थर बसतो. माझ्या मीटरच्या काचेवर असा ढग बसला आणि तो घालवायला अख्खी संध्याकाळ पॉलिश करावं लागलं. तेव्हापासून मी भाग काढून बाहेरच जोडतो.

पीपी, म्हणजे बहुतेक काळे बंपर, चिखलाची झाकणं, यांना कुठलाही साधा गोंद फार काळ धरत नाही. तडा जिथं संपतो तिथं ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो पुढं सरकत नाही. मग मागच्या बाजूनं सोल्डरिंग आयर्ननं स्टेनलेस स्टीलच्या जाळीची पट्टी तापवून प्लास्टिकमध्ये बुडवा आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची काडी वितळवून वर भरा. धूर ओढू नका, उघड्यावर बसा. दिसणं महत्त्वाचं नसेल तर तड्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून केबल टायनं शिवून टाका. उसाच्या ट्रॅक्टरमागं रोज धावणाऱ्या गाडीला हा टाका कितीतरी वर्षं टिकतो.

पांढुरका पडलेला काळा बंपर काळा करायला डिझेल फासू नका. साबणानं घासून वाळवा आणि हीट गन १० ते १५ सेंटिमीटरवरून सतत हलवत फिरवा. काळेपणा डोळ्यांदेखत परततो, पण काही महिन्यांनी उन्हानं पुन्हा फिकटतो, आणि असं अनंत वेळा करता येत नाही. रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल अगदी पातळ पुसून रात्रभर वाळू दिलं तर त्याहून बरं टिकतं. मात्र त्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना स्वतःच तापतं आणि पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

लोंबणारं छत

फोमवर कापड असलेलं छत लोंबतं ते फोमची भुकटी झाल्यामुळे. कापडातून गोंद टोचून किंवा टाचण्या मारून उपयोग नाही, कारण आत गोंद धरायला काही उरलेलंच नसतं. बोर्ड खाली काढायचा, जुनी भुकटी नायलॉनच्या ब्रशनं पूर्ण झाडायची, नवं फोमवालं कापड आणि उष्णता सोसणारा गोंद घ्यायचा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत ६० अंशांच्या आसपास सहज जातं, साधा गोंद तिथं मऊ पडतो. दोन माणसं हवीत. मधोमध टेकवून बाहेरच्या बाजूला हात फिरवत जायचं. खरं सांगायचं तर हे एकच काम असं आहे की पहिल्यांदा करणाऱ्यानं बोर्ड स्वतः काढावा, साफ करावा आणि कापड लावायला कुशनवाल्याकडे द्यावा. मजुरी थोडी लागते, पण सुरकुती येत नाही.

फाटलेली सीट

सीटबेल्टचे पट्टे आणि जिथं एअरबॅग आहे ती झाकणं यांना शिवणं, चिकटवणं, रंगवणं काहीही करायचं नाही. खराब असतील तर बदलायची.

रेक्झिन मात्र घरी शिवता येतं. हा टाका मी निपाणीत एका चप्पल कारागिराकडे बसून शिकलो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात बेळगाव जिल्हाही आहे, आणि हातशिलाई काय असते ते या लोकांकडेच बघावं. त्यांनी आधी सुई दिलीच नाही. आरीनं सारख्या अंतरावर भोकं पाडायला लावली, दोन्ही कडांना समोरासमोर, काठापासून अर्धं बोट आत. काठाजवळ पाडलं की ताण आल्यावर रेक्झिन भोकापासून भोकापर्यंत फाटत जातं.

आधी फाटलेल्या जागेतून जुन्या जीनचा तुकडा आत सरकवा, फाटेपेक्षा सगळीकडून तीन बोटं मोठा. रेक्झिनची मागची बाजू आणि जीन दोन्हीला रबरी गोंद, १० मिनिटं थांबणं, मग कडा जुळवून दाब. त्यावर मेण लावलेला जाड नायलॉनचा दोरा, दोन्ही टोकांना एकेक वाकडी सुई. एकाच भोकातून दोन्ही सुया उलटसुलट दिशेनं जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. प्रत्येक टाका सारख्याच जोरानं ओढा. शेवटी दोन टाके मागं घ्या, दोरा कापा आणि टोक काडीनं तापवून रेक्झिनखाली दाबून टाका. एक दिवस त्या सीटवर कुणाला बसू देऊ नका.